वृद्धपण आणि तोंडचें पाणी

‘दांत आहेत तर चणे नाहींत आणि चणे आहेत तर दांत नाहींत’ ही म्हण आपण दैवाच्या लहरीविषयीं वापरतों. परंतु तिच्या पोटांत एक वैद्यकीय गृहीतकृत्यहि दडलेलें आहे. चणे हातीं येईपर्यंत माणूस म्हातारा होणार आणि म्हातारा झाला म्हणजे त्याचे दांत जाणार, हें म्हण रचणारानें धरूनच चाललें आहे. केस पिकावे, कातडी सुरकुतावी, तसें तोंडाचें बोळकें व्हावें. त्यांत विचारण्यासारखें काय आहे? अमरावती-अकोल्याकडील घरांतून आजहि ‘आतां वयच झालें’ एवढ्या तीन शब्दांत म्हाताऱ्या दांतांचा निकाल लागतो. त्या निकालाची फेरतपासणी करण्याचा आजच्या भाषणांत विचार आहे. आणि ती करतांना दांतांपेक्षां दांतांना अष्टौप्रहर न्हाऊं घालणाऱ्या लाळेकडेच अधिक पाहावें लागणार आहे.

लाळेचें नांव आपण फारशा आदरानें घेत नाहीं. लाळ घोटणें, लाळ गाळणें हे वाक्प्रचार तिच्या वांट्यास आलेले. तरी भाषेला शरीरशास्त्र कळतें, असें मात्र म्हटलें पाहिजे. चिंचेच्या नुसत्या आठवणीनें तोंडाला पाणी सुटतें, आणि भीतीनें तोंडचें पाणी पळतें, या दोन्ही गोष्टी अक्षरशः खऱ्या आहेत. कानाजवळ, जबड्याखालीं आणि जिभेखालीं अशा तीन मोठ्या ग्रंथींच्या जोड्या व शेंकडों बारीक ग्रंथि मिळून दिवसाकाठीं अर्धा ते दीड लिटर लाळ तयार करतात. तींत नव्याण्णव भाग पाणी असतें. उरलेल्या एका भागांतच दांतांचें सारें संरक्षण आहे. त्यांतलें बायकार्बोनेट आंबटपणा मारतें, कॅल्शियम व फॉस्फेट झिजलेल्या दंतवल्काची भर करतात, आणि श्लेष्मल प्रथिनें तोंडाच्या आंतील त्वचेवर निसरडें अस्तर पसरवितात.

मुखशुद्धीचा इतिहास शोधण्यास वऱ्हाडी माणसाला दूर जावें लागत नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें, सुमारें १२७८ सालीं, म्हाइंभटानें ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलें. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा जतन कराव्या हा त्याचा उद्देश. पण म्हाइंभट इतका चोख संग्राहक, कीं दिनक्रमांतील बारीकसारीक गोष्टहि त्यानें टाकिली नाहीं. आरोगणा झाली कीं गुळुळा, गुळुळ्यामागून फोडी आणि विडा, नंतर पहुड, हा क्रम त्या ग्रंथांत पुनःपुन्हा येतो. आरोगणा म्हणजे भोजन, गुळुळा म्हणजे चूळ आणि पहुड म्हणजे निद्रा. झोपेंत लाळेचा झरा जवळजवळ आटतो हें आज आपणांस मापून कळलें आहे. अन्नाचे कण तोंडांत ठेवून निजणें म्हणजे पहारेकरी घरीं गेल्यावर दार उघडें टाकणें होय. तेराव्या शतकांतील त्या सदाचाराला मी शास्त्र म्हणणार नाहीं. ती शिष्ट घरांतील एक रीत होती. परंतु रीत म्हणून ती नेमकी जागच्या जागीं बसली होती, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

विड्याचा विषय निघाला म्हणजे अंजनगांव सुर्जीची आठवण व्हावयाचीच. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हें गांव दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यामध्यें ३० डिसेंबर १८०३ रोजीं झालेल्या तहामुळें माहीत असतें. वऱ्हाडांतील लोकांस तें पानमळ्यांमुळें व पानपिंपळीमुळें माहीत आहे. शेवग्याच्या व पांगाऱ्याच्या आधारानें चढविलेल्या त्या नागवेली, त्यांना लागणारी सावली, ओल आणि बारी समाजाची पिढीजाद कला हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. आपल्यापुरतें महत्त्वाचें एवढेंच, कीं विडा चघळला कीं लाळ वाहूं लागते. चघळण्याची क्रिया हें त्याचें एक कारण. सुपारींतील अरिकोलीन नांवाचें द्रव्य लाळग्रंथींना डिवचतें, हें दुसरें. त्यांत चुन्याचा क्षार पडतो. म्हणूनच कीं काय, दांत पडलेल्या आजोबांसाठीं लहानशा खलांत विडा कुटून देण्याची चाल घरोघर होती. चावण्याचें साधन गेलें तरी तोंड ओलें ठेवण्याची गरज गेली नव्हती.

विड्याचें कौतुक मात्र येथेंच थांबविलें पाहिजे. नुसती सुपारी, तंबाखूवांचूनहि, कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केला. तोंडाच्या आंतील मऊ त्वचा दोरखंडासारखी ताठ होऊन तोंड उघडेनासें होतें, त्या विकाराचें वर्णन मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनीं १९५३ सालींच केलें होतें. विदर्भांत पानपट्टीवर घोटून मिळणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू व चुना यांचा गोळा. त्याच्या नादानें पुष्कळ तरुण तोंडें या विकाराच्या व कर्करोगाच्या मार्गास लागतात. आणि त्या कर्करोगावर किरणोपचार करावे लागले, तर किरणांच्या वाटेंत सांपडलेल्या लाळग्रंथि होरपळतात. चाळिशींतील माणसाचें तोंड मग ऐंशींतील माणसाहूनहि कोरडें होतें आणि उरलेले दांत एकदोन वर्षांतच हिरडीपाशीं किडूं लागतात. वय आणि लाळ यांची फारकत दाखविणारा याहून कठोर पुरावा नाहीं. वय तेंच आहे, लाळ मात्र गेली, आणि दांत लाळेच्या मागून गेले.

आतां शास्त्रग्रंथांकडे वळूं. सुश्रुतानें मुखरोग पांसष्ट सांगितले आणि त्यांतील पंधरा दंतमुळांचे, म्हणजे हिरड्यांचे, मानिले. त्या पंधरांत एकाचें नांव ‘वैदर्भ’ आहे! वऱ्हाडवासीयांनीं दचकूं नये; हा रोग देशपरत्वें होत नाहीं. हिरड्या घासल्या गेल्यामुळें त्यांना सूज येते व दांत हालूं लागतात, असें त्याचें लक्षण दिलें असून तो आघातजन्य मानिला आहे. कोळसा, राख, वीट, मिशरी यांनीं बोटाच्या नेटानें दांत घासणारांनीं हें लक्षण जरूर ध्यानांत ठेवावें. त्याचा आमच्या विषयाशीं कसा संबंध आहे तें पुढें येईल. दांतवणाची काडी बारा अंगुळें लांब, करंगळीएवढी जाड व मऊ कुंचला होणारी असावी, ही सूचना त्याच शहाणपणांतून निघाली आहे. खदिर, करंज, निंब, अर्क अशा तुरट, कडू व तिखट झाडांची निवडहि सहेतुक दिसते. कडूनिंबाची काडी चावली, कीं तोंड भरून येतें, हा अनुभव ज्याला नाहीं असा खेड्यांतला माणूस मिळणें कठीण.

लाळेला आयुर्वेदानें स्वतंत्र पद दिलें आहे. जिभेच्या ठायीं राहून रसाचें ज्ञान करून देणारा तो बोधक कफ. आणि वयाचे तीन भाग पाडून बालपणीं कफ, मध्यम वयांत पित्त व वृद्धपणीं वात प्रबळ असतो, असें सांगितलें. वाताचा गुण रूक्षता. तेव्हां म्हाताऱ्याचें तोंड कोरडें पडणें हें या उपपत्तींत आपोआप बसून गेलें. तेलाचा गंडूष, म्हणजे हलवितां येणार नाहीं इतकें तोंड भरून तेल धरणें, हा उपाय या रूक्षतेवरचाच आहे. निरीक्षण खोटें नव्हतें. म्हातारीं माणसें तोंड कोरडें पडल्याची तक्रार करीत असत, वैद्य ती ऐकून घेत, आणि उपचारहि करीत. परंतु तक्रार वयाची कीं वयाबरोबर आलेल्या दुखण्याची, हें मोजून पाहण्याची सोय कोणत्याच देशांतील वैद्यकाला त्या काळीं नव्हती.

मोजण्याची सुरुवात युरोपांत झाली. लंडनच्या टॉमस व्हार्टनने १६५६ सालीं जबड्याखालील ग्रंथीची नळी वर्णन केली. चार वर्षांनीं निकोलस स्टेनो हा डॅनिश तरुण ॲम्स्टरडॅममध्यें मेंढीच्या डोक्याचें विच्छेदन करीत असतां त्याची सळई अचानक तोंडांत निघाली, आणि कानाजवळील ग्रंथीची वाट सांपडली. लाळ कोठून येते हें असें कळलें. ती काय करते हें कळण्यास पुढें पावणेदोनशें वर्षें लागलीं. १८३१ सालीं जर्मनींतील लॉइक्सनें दाखविलें, कीं लाळेनें पिष्टाची साखर होते. आपली ज्वारीची भाकर पुष्कळ वेळ चावली म्हणजे गोड लागूं लागते, ती यामुळेंच.

खरा कलाटणीचा प्रसंग १८९० सालचा. बर्लिनमध्यें राहणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्यानें उपटलेले दांत पाव आणि लाळ यांच्या मिश्रणांत ठेविले. ते मऊ पडले. मांस व लाळ यांत ठेविलेले दांत तसेच राहिले. लाळ आधीं उकळून घेतली तर पावानेंहि कांहीं झालें नाहीं. म्हणजे दांत किडविणारे जंतु, आणि जंतूंचें हत्यार पिष्टापासून व साखरेपासून झालेलें आम्ल. आमच्याकडे वैदूंच्या बाया रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दाढेंतला ‘किडा’ काढून दाखवीत. धुरानें तोंडाला भरपूर पाणी सुटे, आणि त्या पाण्यांत तरंगणारे पांढरे कोंभ बियांतूनच निघालेले असत. किड्याचा असा उलगडा मिलरनें केला. मात्र तोंडांत जंतु प्रत्येकाच्याच असतां सर्वांचे दांत कां किडत नाहींत, हा प्रश्न राहिला. १९४० च्या सुमारास रॉबर्ट स्टीफननें जिवंत माणसाच्या दांतांवरील लेपाची आम्लता मोजली. रसायनशास्त्रज्ञांच्या पी. एच. मापांत सात म्हणजे ना आंबट ना क्षारयुक्त. साखरेच्या पाण्यानें चूळ भरतांच हा आकडा कांहीं मिनिटांत पांचाच्या खालीं गेला, आणि नंतर अर्ध्या-पाऊण तासांत हळूहळू वर आला. त्याला वर आणणारी शक्ति लाळेची. लाळेचा प्रवाह वाढला, कीं तिच्यांतलें बायकार्बोनेटहि वाढतें. ती संथ असेल, तर तिची क्षारता कमी असते. दांतांचें भवितव्य या चढ-उताराच्या वेळेवर ठरतें.

हें ज्ञान होत असतांना म्हाताऱ्या दांतांचें काय चाललें होतें? त्यांच्यावर एक निराळेंच संकट आलें होतें. १९१० सालीं विल्यम हंटर या इंग्रज डॉक्टरानें माँट्रिऑल येथें व्याख्यान देऊन तोंडांतील पुवाळा सर्व शरीर नासवितो, असा गाजावाजा केला. पुढें दोन तपें संधिवात झाला, काढा दांत. अशक्तपणा आला, काढा दांत, असा सपाटा पाश्चात्त्य देशांत चालला आणि निरोगी दांतांचीहि त्यांत आहुति पडली. वऱ्हाडांत हा सपाटा फारसा पोंचला नसावा, कारण दंतवैद्यच नव्हते. देशांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं काढलें. मुंबईचें नायर १९३३ चें. दंतवैद्यांचा कायदा १९४८ चा. नागपुरास सरकारी महाविद्यालय १९६८ सालीं निघालें. अमरावतीस स्वतःचें दंत महाविद्यालय त्याहूनहि पुढें मिळालें.

शिवाय वृद्धांचें दंतारोग्य हा प्रश्न उभा राहण्यास वृद्ध तरी असावे लागतात. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं आणि १९१८ च्या मानमोडीनें वऱ्हाडची काय दशा केली, तें जुन्या घरांच्या स्मृतींत अजून आहे. १९०१ च्या खानेसुमारींत साठीच्या वरचीं माणसें देशांत सुमारें १ कोटि २० लक्ष होतीं; २०११ सालीं तीं १० कोटि ४० लक्ष झालीं. पूर्वी अपवाद असलेलें म्हातारपण आतां सार्वत्रिक झालें आहे.

अशा वेळीं, १९८१ सालीं, अमेरिकेंतील ब्रूस बॉम यांनीं एक साधा प्रश्न विचारला. यापूर्वीचीं मापनें बहुधा इस्पितळांतील आजारी, औषधें घेणाऱ्या वृद्धांवर झालेलीं होतीं; धडधाकट वृद्धांची लाळ कोणी मोजली आहे काय? त्यांनीं ती मोजली. कानाजवळील ग्रंथीला चेतना दिली असतां निरोगी वृद्धाची लाळ तरुणाहून कमी येत नाहीं, असें निघालें. शेंकडों वर्षांचा समज एका नळींत मोजून खोटा ठरला, असें त्या वेळीं कित्येकांस वाटलें. तितका तो खोटा ठरला नाहीं, हें पुढें समजलें. जबड्याखालील व जिभेखालील ग्रंथींचा स्राव वयाबरोबर घटतो, आणि आपण बोलत-खात नसतों त्या वेळीं तोंड ओलें ठेवण्याचें काम मुख्यत्वें जबड्याखालच्या ग्रंथींचेंच असतें. जबड्याखालील ग्रंथींतील रस करणाऱ्या पेशींचा सुमारें तिसरा हिस्सा उतारवयांत जाऊन तेथें चरबी व तंतु भरतात. श्लेष्मल प्रथिनेंहि कमी झाल्याचें कित्येक परीक्षणांत आढळलें आहे. लाळेंतल्या क्षारांविषयीं मात्र निरनिराळ्या मापनांचें एकमत झालेलें नाहीं. २०१५ सालीं अशा अनेक मापनांचा एकत्र हिशेब झाला, त्यांतहि कानाजवळची ग्रंथि शाबूत व खालच्या ग्रंथि उतरलेल्या, असाच निकाल लागला.

आमच्या शेतकऱ्याला हें विहिरीच्या दृष्टांतानें चटकन् कळेल. झरा तिसऱ्या हिश्शानें मंदावला, तरी एका मोटेपुरतें पाणी राहतेंच. विहीर आटली असें कोणी म्हणत नाहीं. पण तिच्यावर दुसरी मोट चढविली, कीं तळ दिसतो. वृद्धाच्या तोंडावर चढणारी ही दुसरी मोट म्हणजे औषधें. रक्तदाबावरील कांहीं औषधें, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या, सर्दीवरील कित्येक औषधें, झोपेच्या व मनाच्या विकारांवरील गोळ्या, यांपैकीं पुष्कळांचा लाळ कमी करणें हा एक गुण आहे. मधुमेह ताब्यांत नसला तर तोहि त्यांत भर घालतो. तरुणाला त्याच गोळीनें फारसें कांहीं होत नाहीं, कारण त्याच्या विहिरींत शिल्लक असते. म्हणून ‘वयामुळें तोंड कोरडें पडलें’ हें विधान अर्धेंच खरें आहे; आणि उरलेल्या अर्ध्यावर इलाज आहे, हें माझ्या मतें या सर्व इतिहासाचें सार्थक होय.

वऱ्हाडच्या वृद्धांवर आणखी एक भार आहे, तो उन्हाळ्याचा. वैशाखांत अकोल्यास पारा ४५ अंशांवर जातो. शरीरांतलें पाणी घटलें, कीं लाळ लगेच घटते. त्यांत वृद्धांना तहान कमी लागते. ऑक्सफर्ड येथें १९८४ सालीं निरोगी वृद्धांना व तरुणांना दिवसभर पाण्यावांचून ठेवून हें पडताळलें होतें. वृद्धांना तहान कमी लागली, आणि पाणी पुढें ठेवल्यावरहि ते कमीच प्याले. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतून पसरलेला खारपाण पट्टा आहे. तेथील विहिरीचें पाणी मचूळ. धरणाचें गोडें पाणी नळानें कित्येक गांवांत आलें असलें, तरी तें दररोज येतेंच असें नाहीं. जेथें पाणी जपून वापरावयाचें, तेथें तहान न लागलेल्या आजीबाईला मुद्दाम तांब्या भरून कोण देणार?

आतां सुश्रुताच्या ‘वैदर्भा’कडे परत येऊं. दांताचा वरचा भाग कठीण वल्कानें झांकलेला असतो, आणि तो विरघळूं लागण्यास पी. एच. साधारण साडेपांचाच्या खालीं जावा लागतो. मुळाला तें कवच नाहीं. तें साडेसहाच्या आसपासच विरघळूं लागतें. तरुणपणीं मूळ हिरडींत झांकलेलें असतें. वर्षानुवर्षें खरखरीत पदार्थांनीं घासल्यानें, हिरड्यांच्या रोगानें व तंबाखूनें हिरडी खालीं सरकते आणि मूळ उघडें पडतें. म्हणजे ज्या वयांत लाळेचा साठा उतरलेला, त्याच वयांत थोड्याशा आंबटपणानेंहि झिजणारा भाग उघड्यावर येतो. हिरडीच्या कडेला तपकिरी डाग पडून दांत मुळाशींच कापल्यासारखा तुटतो, त्याचें कारण हें. आपल्या आजोबांच्या ताटांत भाकरी, भाजी आणि गुळाचा खडा होता. १८६७ सालीं आगगाडी वऱ्हाडांतून नागपुरास पोंचल्यानंतर पांढरी साखर, बिस्किटें व चहा सावकाश घरोघर शिरलीं. भाकरीला चावावें लागे व त्यानें लाळ वाहे. मऊ बिस्किट चहांत बुडवून खाणाऱ्याच्या तोंडांत साखर जाते, पण चावणें होत नाहीं.

सगळे दांत काढून कवळी बसविली म्हणजे लाळेचा प्रश्न मिटला, अशी कित्येकांची समजूत असते. वास्तविक वरची कवळी टाळूला चिकटते ती लाळेच्या पातळ पापुद्र्यामुळेंच. तोंड कोरडें असेल तर ती घसरते, खुपते, आणि शेवटीं डबींत जाऊन पडते.

तेव्हां घरांतील वृद्ध दंतवैद्याकडे निघाले, कीं त्यांच्या चालू गोळ्यांचीं पाकिटें बरोबर द्यावीं. कोणतीहि गोळी आपल्या मनानें बंद करूं नये. डॉक्टर कधीं तिची वेळ बदलतात, कधीं मात्रा, कधीं औषधच. निजण्यापूर्वीं फ्लोराइडयुक्त मलमानें व मऊ कुंचल्यानें दांत स्वच्छ करावे, कवळी काढून पाण्यांत ठेवावी, उशाशीं गोड्या पाण्याचा तांब्या असावा. घसा ओला करण्यासाठीं दिवसभर गोड चहाचा घोट-घोट घेण्याची संवय असेल, तर ते घोट त्या तांब्यांतले असूं द्यावे.